अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटविज्ञान

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटविज्ञान ही पदार्थाची रेणवीय रचना ठरविण्याची एक पद्धत होय. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातील अणुकेंद्रे कोणकोणत्या वारंवारतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, याचे अतिशय सूक्ष्म मापन या पद्धतीत केले जाते. प्रयोगशाळांमध्ये ती 'एन.एम.आर.' या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. रासायनिक पृथक्करणाच्या बहुतेक जुन्या पद्धतींमध्ये नमुना जाळावा, विरघळवावा किंवा दुसऱ्या द्रव्याशी संयोग घडवून संपवावा लागतो. येथे नमुन्याच्या रेणूंची मोडतोड होत नाही. शिवाय पदार्थात कोणते अणू आहेत एवढेच सांगून ही पद्धत थांबत नाही, तर कोणता अणू कोणाच्या शेजारी आहे हेही सांगते. तिचे खरे सामर्थ्य या दुसऱ्या गोष्टीत आहे.

नावातील 'अणुकेंद्रीय' या शब्दामुळे अणुभट्टी, किरणोत्सर्ग यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांचा येथे संबंध नाही. अणुकेंद्र फुटत नाही आणि वापरल्या जाणाऱ्या लहरी आकाशवाणीच्या लहरींच्याच कुळातील असतात. रुग्णालयांतील एम.आर.आय. तपासणी याच तत्त्वावर चालते. तिच्या नावातून 'अणुकेंद्रीय' हा शब्द गळाला, त्यामागे रुग्णांच्या मनातील ही भीती हे एक कारण होते.

मूलतत्त्व

काही अणुकेंद्रांना परिवलन हा अंगभूत गुणधर्म असतो. विद्युत् भारित अणुकेंद्राला परिवलन असले की ते एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखे वागते. हायड्रोजनचे अणुकेंद्र, म्हणजे एकटा प्रोटॉन, हे याचे सर्वांत सोयीचे उदाहरण आहे. ज्या अणुकेंद्रात प्रोटॉन व न्यूट्रॉन या दोहोंची संख्या सम असते त्याचे परिवलन शून्य असते. त्यामुळे नेहमीचा कार्बन–१२ आणि ऑक्सिजन–१६ या पद्धतीला दिसतच नाहीत. कार्बनचा अभ्यास करावयाचा तर निसर्गात जेमतेम १.१ टक्का असणाऱ्या कार्बन–१३ या समस्थानिकावर विसंबावे लागते. फॉस्फरस–३१ व फ्लुओरीन–१९ यांच्या बाबतीत ही अडचण नाही, कारण ती मूलद्रव्ये निसर्गात जवळजवळ पूर्णपणे त्याच रूपात आढळतात.

बाह्य चुंबकीय क्षेत्र नसताना हे चिमुकले चुंबक अस्ताव्यस्त दिशांना असतात. क्षेत्र लावताच प्रोटॉनला दोनच ऊर्जा-पातळ्या उपलब्ध होतात. एक क्षेत्राच्या दिशेची, कमी ऊर्जेची आणि दुसरी क्षेत्राच्या विरुद्ध दिशेची, किंचित अधिक ऊर्जेची. त्याच वेळी, वेग मंदावलेल्या भोवऱ्याचा अक्ष जसा उभ्या रेषेभोवती घुमत राहतो, तसा अणुकेंद्राचा चुंबकीय अक्ष क्षेत्राच्या दिशेभोवती घुमू लागतो. या गतीला परांचन म्हणतात. परांचनाची वारंवारता क्षेत्राच्या तीव्रतेच्या थेट प्रमाणात असते. १ टेस्ला क्षेत्रात प्रोटॉनसाठी ती ४२.५८ मेगाहर्ट्झ भरते, ९.४ टेस्ला क्षेत्रात सुमारे ४०० मेगाहर्ट्झ. म्हणूनच प्रयोगशाळेत उपकरणाचा उल्लेख 'चारशे मेगाहर्ट्झचे', 'पाचशे मेगाहर्ट्झचे' असा वारंवारतेवरून केला जातो.

आता नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओलहर नमुन्यावर सोडली, तर खालच्या पातळीवरील अणुकेंद्रे ती ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर जातात. झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत दिलेले हलके धक्के त्याला उंच नेतात, लय चुकवून दिलेले धक्के वाया जातात. अनुस्पंदन म्हणतात ते हेच. लहर थांबली की अणुकेंद्रे मूळ स्थितीकडे परतू लागतात. या परतीला शिथिलन म्हणतात. परतताना नमुन्याभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात ती एक क्षीण, विरत जाणारा विद्युत् संकेत निर्माण करतात. उपकरण नोंदविते तो हा संकेत.

तो किती क्षीण असतो याची कल्पना एका हिशेबावरून येईल. ९.४ टेस्लासारख्या प्रचंड क्षेत्रातही, नेहमीच्या तापमानाला, दर दहा लाख प्रोटॉनांमध्ये खालच्या पातळीवर वरच्यापेक्षा फक्त ३२ च्या आसपास प्रोटॉन अधिक असतात. उरलेले परस्परांना छेद देतात. या पद्धतीची संवेदनशीलता कमी का, महागडे चुंबक का लागतात आणि एकच मोजणी शेकडो वेळा करून तिची बेरीज का घ्यावी लागते, या सर्व प्रश्नांचे उत्तर या आकड्यात आहे.

शोधाचा इतिहास

इझिडोर रबी यांनी १९३८ साली रेणूंच्या झोतावर प्रयोग करून अणुकेंद्रांचे चुंबकीय अनुस्पंदन प्रथम दाखविले. घन व द्रव पदार्थांमध्ये ते दिसू शकते हे सिद्ध होण्यास दुसरे महायुद्ध संपावे लागले. युद्धकाळात रडारसाठी विकसित झालेले रेडिओतंत्र त्यावेळी भौतिकशास्त्रज्ञांच्या हाती आले होते. हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९४५ मध्ये पॅराफिन मेणात आणि स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख यांच्या गटाने त्यानंतर काही आठवड्यांतच पाण्यात प्रोटॉनांचा संकेत पकडला. दोघांना १९५२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

त्या वेळी हे सारे अणुकेंद्राचे गुणधर्म मोजण्यासाठी चालले होते. रसायनशास्त्राशी त्याचा संबंध येईल असे कोणाच्या ध्यानी नव्हते. १९५० साली स्टॅनफर्ड येथेच वॉरन प्रॉक्टर आणि यू हे नायट्रोजनचे चुंबकीय परिबल मोजत होते. नमुना होता अमोनियम नायट्रेट, म्हणजे खाणींतील सुरुंगांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्फोटकांचा प्रमुख घटक. अपेक्षा एका रेषेची होती, मिळाल्या दोन. एक नायट्रोजन अमोनियम गटातील, दुसरा नायट्रेट गटातील. दोघांची अणुकेंद्रे सारखीच, पण शेजार वेगळा. भौतिकशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही मोजमापातील कटकट होती. रसायनशास्त्रज्ञांना मात्र तिच्यात हवे ते सापडले.

मद्यार्काच्या तीन शिखा

पुढच्याच वर्षी, १९५१ साली, स्टॅनफर्ड येथून जेम्स अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकर्ड या तिघांच्या नावे एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात एथिल अल्कोहोलच्या, म्हणजे नेहमीच्या मद्यार्काच्या, प्रोटॉनांचा वर्णपट होता. त्यात एकाऐवजी तीन शिखा वेगवेगळ्या दिसत होत्या आणि त्यांच्याखालील क्षेत्रफळे १ : २ : ३ या प्रमाणात होती. मद्यार्काच्या रेणूत सहा हायड्रोजन असतात. एक ऑक्सिजनला जोडलेला, दोन मधल्या कार्बनवर आणि तीन टोकाच्या कार्बनवर. कागदावर काढलेली रचना वर्णपटात जशीच्या तशी उमटली होती. यातील धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि पन्नाशीच्या दशकात तेथे त्यांनी या विषयातील संशोधनाचा गट उभारला. ज्या वर्णपटाने हा विषय अवघ्या पाठ्यपुस्तकांत गेला, त्याच्या कर्त्यांपैकी एकाने मुंबईत शिष्य घडविले, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही. त्याच १९५१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवांतील अनुस्पंदनावर काम प्रसिद्ध केले होते. हा विषय भारतात उशिरा आला, ही समजूत त्यामुळे खरी नाही.

या वर्णपटावरून पद्धतीची तिन्ही मुख्य सूत्रे समजावून घेता येतात.

पहिले सूत्र शिखेच्या स्थानाचे. प्रत्येक अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉनांचे आवरण असते. ते बाह्य क्षेत्राला किंचित विरोध करते, त्यामुळे अणुकेंद्रापर्यंत पोहोचणारे क्षेत्र थोडे कमी असते. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे ओढतो. म्हणून त्याच्या लगतच्या हायड्रोजनांचे आवरण विरळ होते आणि त्यांची शिखा सरकते. या सरकण्याला रासायनिक विस्थापन म्हणतात. ते टेट्रामेथिलसिलेन या संदर्भद्रव्याच्या शिखेपासून दशलक्षांशांत मोजतात. मद्यार्काच्या टोकाच्या हायड्रोजनांचे विस्थापन सुमारे १.२, तर ऑक्सिजनजवळच्या दोघांचे सुमारे ३.६ असते. दशलक्षांश हे एकक मुद्दाम निवडलेले आहे. चुंबक लहान असो वा मोठा, हा आकडा बदलत नाही.

दुसरे सूत्र क्षेत्रफळाचे. शिखेखालील क्षेत्रफळ त्या प्रकारच्या अणुकेंद्रांच्या संख्येच्या प्रमाणात असते. योग्य काळजी घेतल्यास मिश्रणात कोणता पदार्थ किती, हेही त्यावरून काढता येते.

तिसरे सूत्र शिखेच्या फाटण्याचे. अधिक चांगल्या चुंबकाने पाहिले असता टोकाच्या हायड्रोजनांची शिखा तीन रेषांत आणि मधल्यांची चार रेषांत फाटलेली दिसते. शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजनांचे चिमुकले चुंबक आपला थोडा प्रभाव बंधातील इलेक्ट्रॉनांमार्फत इकडे पोहोचवितात. दोन शेजारी असतील तर १ : २ : १ अशा तीन रेषा, तीन शेजारी असतील तर १ : ३ : ३ : १ अशा चार. शेजाऱ्यांच्या संख्येत एक मिळविला की रेषांची संख्या मिळते, असा हा विद्यार्थ्यांच्या परिचयाचा नियम आहे. ऑक्सिजनवरील हायड्रोजन मात्र पाण्याच्या अंशामुळे एका रेणूवरून दुसऱ्यावर सतत उड्या मारतो, त्यामुळे तो सहसा एकसंध शिखा देतो आणि त्याचे स्थानही परिस्थितीनुसार बदलते.

विषारी मेथिल अल्कोहोलच्या रेणूत कार्बन एकच असल्याने त्याच्या तीन हायड्रोजनांना शेजारी कार्बन नाही. परिणामी ३.३ ते ३.४ च्या जवळ त्याची एकच, न फाटलेली, तीक्ष्ण शिखा उभी राहते. शरीरात मेथिल अल्कोहोलचे रूपांतर फॉर्मिक आम्लात होते. डोळे जातात आणि जीवही जातो ते त्याने. फॉर्मिक आम्लाच्या क्षाराची शिखाही ८.४ च्या पुढे, इतरांपासून दूर, वेगळी उठून दिसते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मेथिल अल्कोहोलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. चंद्रपूर–गडचिरोलीच्या वनपट्ट्यात मोहफुलांची दारू पिढ्यान्‌पिढ्या गाळली जाते. आंबवलेल्या मोहफुलांतून येणारे अल्कोहोल मुख्यतः एथिलच असते. धोका असतो तो कारखानी स्पिरिटच्या भेसळीचा. गंध व चव यांवरून ही दोन अल्कोहोले ओळखण्याचा भरवसा धरता येत नाही; वर्णपटात ती क्षणात वेगळी होतात. तथापि रोजच्या न्यायवैद्यक तपासणीसाठी वायुवर्णलेखन ही स्वस्त व अधिक संवेदनशील पद्धतच वापरली जाते, हे नमूद केले पाहिजे.

उपकरण

आधुनिक उपकरणाचा मुख्य भाग म्हणजे अतिसंवाहक तारेच्या वेटोळ्यांचा चुंबक. ही तार द्रव हीलियममध्ये, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाला, बुडवून ठेवलेली असते. एकदा सुरू केलेला प्रवाह तिच्यात वर्षानुवर्षे विरोधाविना फिरत राहतो. हीलियमच्या टाकीभोवती द्रव नायट्रोजनचे कवच असते. नमुना एका सडपातळ काचनळीत ठेवतात. साध्या विद्रावकातील हायड्रोजनांनी वर्णपट झाकोळून जाऊ नये म्हणून हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेला विद्रावक घेतात.

पूर्वी वारंवारता हळूहळू बदलीत एकेक शिखा शोधावी लागे. रिचर्ड अर्न्स्ट व वेस्टन अँडरसन यांनी साठीच्या दशकात एकच अल्पकालीन रेडिओस्पंद देऊन सर्व अणुकेंद्रांना एकाच वेळी उद्दीपित करण्याची आणि आलेला एकत्रित संकेत फूरिये यांच्या गणिताने सुटा करण्याची रीत आणली. देवळातल्या सर्व घंटा एकदम वाजवून प्रत्येकीचा सूर गणिताने वेगळा काढावा, तशी. या रीतीने तासांचे काम सेकंदांवर आले आणि कार्बन–१३ सारख्या दुर्मीळ अणुकेंद्रांचा अभ्यास व्यवहार्य झाला. अर्न्स्ट यांना १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वर्णपट दोन अक्षांवर मांडण्याच्या तंत्रामुळे नंतर प्रथिनांसारखे अवाढव्य रेणूही आवाक्यात आले. हायड्रोजनांच्या जोड्यांतील अंतरे दाखविणारा या प्रकारचा एक महत्त्वाचा प्रयोग १९८० साली भारतीय शास्त्रज्ञ अनिल कुमार यांनी अर्न्स्ट व कुर्ट व्यूट्रिख यांच्यासह प्रसिद्ध केला. व्यूट्रिख यांना २००२ साली नोबेल मिळाले.

घन पदार्थ : सिमेंटचे उदाहरण

द्रवात रेणू वेगाने गडबडा लोळत असल्याने दिशेवर अवलंबून असणारे परिणाम पुसले जातात आणि रेषा बारीक मिळतात. घन पदार्थात रेणू जागच्या जागी असतात, त्यामुळे रेषा पसरट होऊन एकमेकींत मिसळतात. यावर १९५८–५९ च्या सुमारास उपाय सापडला. नमुन्याची कुपी चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करून अतिवेगाने फिरविली, तर हे पसरणे बरेचसे नाहीसे होते. या कोनाला 'जादुई कोन' असेच नाव पडले आहे.

सिमेंट हे या तंत्राचे उत्तम क्षेत्र ठरले. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत ते परिसरातील चुनखडीमुळे. चुनखडी व मातीसारखी सिलिकायुक्त द्रव्ये सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून क्लिंकर तयार होतो. त्यातील प्रत्येक सिलिकॉन अणू चार ऑक्सिजनांच्या घरात एकटा बसलेला असतो. सिलिकॉन–२९ च्या वर्णपटात त्याची शिखा उणे ७० दशलक्षांशांच्या आसपास असते. पाणी मिसळल्यावर ही एकेकटी घरे जोडली जाऊ लागतात. जोडीतील किंवा साखळीच्या टोकावरील सिलिकॉन सुमारे उणे ७९ ला आणि साखळीच्या मधला सुमारे उणे ८५ ला दिसतो. गवंडी ज्याला 'सिमेंट धरले' म्हणतो, त्यामागे असलेली ही साखळी दिवसागणिक कशी लांबते हे पहिली शिखा खचत जाऊन इतर दोन वाढताना प्रत्यक्ष पाहता येते. सिमेंटचा हा घट्ट भाग नियमित स्फटिकाच्या रूपात नसतो, त्यामुळे क्ष-किरणांना तो नीट दिसत नाही. येथे एन.एम.आर.ला पर्याय फार थोडे आहेत.

औष्णिक वीजकेंद्रांची राख सिमेंटमध्ये मिसळली जाते. तिचा किती भाग खरोखर संयोग पावतो आणि किती नुसताच भरणा म्हणून राहतो, हा प्रश्नही सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या वर्णपटांवरून तपासला जातो. अर्थात हे संशोधनशाळेतील काम होय. कारखान्यातील दैनंदिन गुणनियंत्रण क्ष-किरणांवर आधारित उपकरणांनीच चालते.

बियाणे

वर्णपट न काढताही अनुस्पंदनाचा उपयोग होतो. बियाण्यातील तेल द्रवरूप असल्याने त्यातील प्रोटॉनांचा संकेत बियाण्याच्या घन भागाच्या संकेतापेक्षा अधिक काळ टिकतो. कोरडे बियाणे साध्या, कायमस्वरूपी चुंबकाच्या उपकरणात ठेवून काही क्षणांत तेलाचे प्रमाण काढता येते. बी फुटत नाही, उगवणशक्ती शाबूत राहते. अधिक तेलाचे वाण निवडणाऱ्या पैदासकाराला तपासलेलेच बी पेरता येते, ही सोय घाण्यावर किंवा विद्रावकाने तेल काढून मोजण्यात नाही.

मध आणि भेसळ

अन्नपदार्थांच्या शुद्धतेच्या वादात या पद्धतीचे नाव सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले ते मधामुळे. उसाची किंवा मक्याची साखर मधात मिसळली तर कार्बनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून ती पकडता येते, कारण ऊस व मका यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत मधमाश्यांच्या बहुतेक फुलझाडांहून वेगळी आहे. तांदूळ व बीट यांची रीत त्या फुलझाडांसारखीच असल्याने त्यांच्यापासून बनविलेले पाक या चाचणीतून निसटतात. एन.एम.आर. पद्धतीत एका शर्करेऐवजी मधाचा अवघा वर्णपट घेतला जातो. ग्लुकोज, फ्रुक्टोज, अल्प प्रमाणातील इतर शर्करा, अमिनो आम्ले, सेंद्रिय आम्ले या सर्वांचा मिळून झालेला तो ठसा असतो. त्याची तुलना अस्सल मधांच्या संग्रहित वर्णपटांशी करतात.

१ ऑगस्ट २०२० पासून अमेरिकेस निर्यात होणाऱ्या मधासाठी भारताने ही चाचणी आवश्यक केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने देशात विकल्या जाणाऱ्या १३ नाममुद्रांचे नमुने जर्मनीतील प्रयोगशाळेत तपासून घेतल्याचे जाहीर केले. या केंद्राच्या म्हणण्यानुसार त्यांपैकी केवळ ३ नमुने एन.एम.आर. चाचणीत उतरले. संबंधित कंपन्यांनी हे निष्कर्ष फेटाळले.

या वादाच्या मुळाशी एक तांत्रिक मुद्दा आहे आणि तो वनपट्ट्यातील मध गोळा करणाऱ्यांच्या हिताशी थेट निगडित आहे. ठसा ओळखायचा तर मूळ ठसे जवळ असावे लागतात. युरोपातील पाळीव मधमाश्यांच्या मधावर बेतलेल्या संग्रहाशी आग्या मोहोळाच्या मधाची तुलना केल्यास, 'निराळा' आणि 'भेसळयुक्त' यांत गल्लत होण्याचा संभव राहतो. जांभूळ, करंज, ऐन अशा येथल्या वृक्षांवरून आलेला मध, वेगळ्या जातीच्या माशीने साठविलेला, वेगळ्या ऋतूत उतरविलेला. त्याचे अस्सल नमुने संग्रहात पुरेशा संख्येने असतील तरच निर्णय न्याय्य ठरेल. डोंगरातील कोलाम किंवा गोंड कुटुंबाने दोराने कड्यावर उतरून आणलेला मध स्वस्त पाकाशी बाजारात स्पर्धा करतो. चाचणी नसेल तर पाक जिंकतो. चाचणी अपुऱ्या संग्रहावर उभी असेल तर अस्सल मधच संशयित ठरू शकतो. वर्णपट खोटे बोलत नाही हे खरे असले, तरी त्याचा अर्थ लावणारी तुलना माणसांनी उभारलेली असते.

महाराष्ट्रातील सोयी

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात प्रबळ क्षेत्राच्या एन.एम.आर.साठी राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली. गिरिजेश गोविल, रामकृष्ण होसूर यांनी तेथे न्यूक्लिइक आम्ले व प्रथिने यांवर काम केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत द्रव व घन अशा दोन्ही प्रकारच्या नमुन्यांची सोय आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विश्लेषण केंद्र बाहेरच्या महाविद्यालयांचे नमुने शुल्क आकारून तपासून देते.

द्रव हीलियम आयात करावा लागत असल्याने मोठे उपकरण बाळगणे लहान संस्थांना परवडत नाही. कायमस्वरूपी चुंबकाची, हीलियम न लागणारी ६० ते १०० मेगाहर्ट्झची टेबलावर मावणारी उपकरणे अलीकडे उपलब्ध झाली आहेत. अध्यापनासाठी ती पुरेशी असली, तरी गुंतागुंतीच्या रेणूंच्या शिखा त्यांत एकमेकींवर चढतात. त्यामुळे वनस्पतींतील घटक वेगळे करणाऱ्या लहान गावांतील संशोधकांना नमुना आजही टपालानेच पाठवावा लागतो. असा नमुना नीट वाळविलेला, शुद्ध आणि प्रोटॉनांच्या वर्णपटासाठी काही मिलिग्रॅम, तर कार्बन–१३ साठी त्याच्या अनेकपट असावा लागतो. तो कोणत्या विद्रावकात विरघळतो हे पाठविणाऱ्याने आधी स्वतः पाहून कुपीवर लिहिणे अपेक्षित असते.